चेंडू सोडून माणसामागे



चेंडूच्या खेळात चेंडूमागे धावावे, हे कोणास शिकवावे लागत नाही. रांगते पोरही चेंडू दिसला की तिकडे वळते. परंतु आज मी ज्या गड्याविषयी आपणांशी बोलणार आहे, तो भर मैदानात चेंडूचा नाद सोडून एका माणसाचा नाद धरतो. तो माणूस डावीकडे वळला की हा डावीकडे वळतो. तो थांबला की हा थांबतो. तो विसावा घेण्यास मैदानाबाहेर गेला, तर पुष्कळदा हाही बाहेर जाऊन बसतो आणि तो उठला की उठतो. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा असा जो फुटबॉल आहे, त्यात अशा गड्यास 'टॅगर' असे म्हणतात. कापडाच्या दुकानात गठ्ठ्याला दोऱ्याने एक चिठ्ठी लटकाविलेली असते; गठ्ठा जाईल तिकडे चिठ्ठी जाते. हा शब्द ऐकला म्हणजे मला त्या चिठ्ठीची आठवण होते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. ऑस्ट्रेलिया खंड मी पस्तीस वर्षे भूगोलाच्या तासाला भिंतीवरील नकाशात दाखवीत आलो. मेंढ्या, लोकर, कांगारू आणि मरे व डार्लिंग या नद्या एवढ्यावर आमची विद्या संपत असे. पुढे मुलगी व जावई मेलबर्न शहरी राहावयास गेले आणि मला तिकडे दोन हिवाळे काढण्याचा योग आला. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. त्या दिवसांत त्या शहरात बोलण्याला दुसरा विषय नसतो. रेल्वेत, वाण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, जेथे तेथे फुटबॉल! मेलबर्नचे क्रिकेटचे विशाल मैदान आपणांस ठाऊक आहेच. डिसेंबर २०२० मध्ये आपल्या अजिंक्य रहाणे याने कर्णधार म्हणून जेथे शतक काढले, तेच ते. क्रिकेटचा हंगाम सरला की त्याच हिरवळीवर हा खेळ सुरू होतो, आणि तेही योग्यच आहे, कारण हा खेळ जन्मला तोच क्रिकेटच्या पोटी. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली वृत्तपत्रात पत्र लिहून सुचविले की, हिवाळ्यात आपले गडी सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉलचे मंडळ काढावे. पुढील वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात, मेलबर्न क्लबाने नियम लिहून काढले. ज्याला आपण सामान्यतः फुटबॉल म्हणतो, त्याचे लंडनमधील नियम १८६३ चे, म्हणजे चार वर्षांनी धाकटे.

नियम थोडक्यात सांगतो. मैदान अंडाकृती आणि चेंडूही अंडाकृती. प्रत्येक पक्षाचे १८ गडी मैदानात असतात. दोन्ही टोकांस चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू धाडला तर तो 'गोल', त्याचे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर १ गुण. चेंडू हातात घेऊन पळता येते. मात्र दर १५ मीटरांच्या आत तो एकदा भुईला टेकवावा अथवा आपटावा लागतो. सोबत्याकडे द्यावयाचा तर फेकण्याची मुभा नाही. लाथेने मारावा, नाही तर एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा. याहून अधिक नियम सांगत बसलो तर आपण रेडिओची कळ फिरवाल, अशी मला भीती वाटते.

परंतु एक नियम सांगितल्यावाचून गत्यंतर नाही, आणि गंमत अशी की तो या खेळात नसलेला नियम आहे. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये 'ऑफसाइड'चा एक अदृश्य दोर असतो. पुढे फार धावणाऱ्या गड्यास तो मागे खेचतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये हा दोर नाही. कोणीही केव्हाही कोठेही उभा राहावा. आता एवढे अफाट मैदान आणि त्यात मधल्या फळीचा एखादा असा गडी की जो सामन्यात बारा-चौदा किलोमीटर धावतो, तीस-तीस वेळा चेंडू मिळवितो आणि दर वेळी तो नेमक्या जागी पोहोचवितो. याला अडवावे कसे? त्याची वाट ठरलेली नाही, त्यामुळे वाट रोखता येत नाही. आपल्या आट्यापाट्यांत पाटी धरणारा गडी आपल्या रेषेवर उभा असतो; समोरच्याला जावयाचे तर त्याच रेषेवरून जावे लागते. येथे रेषाच नाही. तेव्हा माणसावर माणूस घालणे एवढा एकच उपाय उरतो, आणि टॅगर जन्मास येतो तो या निरुपायातून.

त्याचे काम मी प्रथम मैदानाच्या वरच्या सज्जातून पाहिले, तेव्हा मला ते मुळीच आवडले नाही. खरे सांगावयाचे तर संताप आला. पंच मध्यभागी चेंडू उंच चढवितो. दोन्ही पक्षांचे दोन उंच गडी त्यावर झेप घेतात आणि खाली उभ्या असलेल्या आपापल्या सोबत्यांकडे तो टोलवितात. त्या क्षणी सारे मैदान चेंडूकडे पाहत असते. एकटा टॅगर मात्र आपल्या माणसाच्या कमरेकडे पाहत असतो. कमरेकडे का, तर डोळे फसवितात, खांदे फसवितात, परंतु माणूस ज्या दिशेला निघावयाचा असेल तिकडे कंबर आधी वळते. तो माणसाच्या आणि त्याच्या गोलाच्या मध्ये, अंगाला अंग लावून उभा असतो. चेंडू खाली आला की हा त्याच्या वाटेत अर्धे पाऊल आधी जातो. ते अर्धे पाऊल साधले तर चेंडू दुसऱ्याच कोणाच्या हाती पडतो, साधले नाही तर सज्जातील सर्व लोक म्हणतात, “तो सुटला!”

सामन्यापूर्वी आठवडाभर हा त्या एका माणसाची चित्रे पाहतो. तो कोणत्या पायाने लाथ मारतो, वळताना कोणत्या खांद्यावरून वळतो, दमल्यावर कोणत्या बाजूला सरकतो, हे सारे पाठ करतो. आमच्या वर्गातील हुशार मुले कविता पाठ करीत, तसा हा माणूस पाठ करतो. आणि खेळ सुरू झाल्यावर त्याची एक मोठी अडचण अशी की, आपण केव्हा धावणार हे पहिल्याला ठाऊक असते; दुसऱ्याला ते ओळखावे लागते. म्हणजे धाव दोघांची सारखीच, परंतु एकाची स्वतःच्या मर्जीने आणि दुसऱ्याची परक्याच्या मर्जीने. यातला अधिक दमविणारा प्रकार कोणता, हे ज्याने नोकरी केली आहे त्याला सांगावयास नको.

माझा संताप कशाचा होता? मला वाटे, हा खेळणाऱ्याला खेळू देत नाही. मग हा खेळाडू कसला? इतके पैसे मोजून लोक आले ते त्या कुशल गड्याचे कसब पाहावयास, आणि हा मध्ये पडदा धरून उभा. आमचे जावई म्हणाले, “बाबा, तुमच्याकडे क्रिकेटमध्ये गोलंदाज धावा रोखून धरतो, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजविता ना?” मी उत्तर दिले नाही, परंतु माझे समाधानही झाले नाही. धावा रोखणारा गोलंदाज निदान चेंडूशी तरी खेळत असतो.

समाधान झाले ते निराळ्याच मार्गाने. आमचा नातू पंधरा वर्षांचा आहे आणि उपनगरातील एका क्लबात खेळतो. एका रविवारी त्याच्या प्रशिक्षकाने त्याला विरुद्ध पक्षाच्या एका चपळ, दांडग्या मुलामागे लावले. सकाळभर मी थंडीत कुडकुडत ते पाहिले. आमच्या नातवाला चेंडू मिळेना. मिळावा असा त्याने यत्नही केला नाही. दुसऱ्या मुलाने वैतागून त्याला दोनदा ढकलले. घरी परतताना तो मोटारीत गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, आज मी फक्त चार वेळा चेंडूला हात लावला.” मी विचारले, “आणि त्या मुलाने?” “सात वेळा.” सामना संपल्यावर त्यांचा प्रशिक्षक मुलांसमोर उभा राहिला होता, तेव्हा मीही कुंपणाशी उभा होतो. त्याने गोल करणाऱ्यांची नावे घेतली, नंतर नातवाचे नाव घेतले आणि पुढे एवढेच म्हटले, “तो मुलगा, सात.” सर्व मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्या वेळी मला त्यातला अर्थ कळला नव्हता. मोटारीत तो कळला, आणि कळताच मला माझ्या शाळेतील एक मुलगा आठवला.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी शिक्षक होतो आणि शाळेच्या फुटबॉल संघाची देखरेख माझ्याकडे होती. दुसऱ्या एका शाळेत एक असा मुलगा होता की त्याच्या पायांतून चेंडू सुटत नसे. आमची मुले त्याच्या नावाने घाबरत. मी आमच्यातील एका अबोल, काटक मुलाला बाजूला घेतले आणि सांगितले, “तू आज चेंडू पाहू नकोस, त्याला सोडू नकोस.” टॅगर हा शब्द मी तेव्हा ऐकलाही नव्हता, तरी केले ते हेच. मुलाने मान डोलाविली आणि पूर्ण सामनाभर तो त्या मुलाच्या पाठीशी राहिला. आम्ही एका गोलाने जिंकलो. ज्याने गोल केला त्याला मुलांनी खांद्यावर घेतले. शाळेच्या वार्षिक अंकात सामन्याचा वृत्तान्त लिहिण्याचे काम माझेच होते. गोल करणाऱ्याचे नाव दोनदा आले, गोलरक्षकाचे आले, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचे तर सविस्तर आले. या मुलाचे नाव आले नाही. मी हेतुपुरस्सर गाळले असे नव्हे. लिहिताना ते मला सुचलेच नाही, कारण त्याने केले म्हणून सांगावे असे माझ्या डोळ्यांसमोर काही आले नाही. पुढच्या वर्षी तो मैदानावर आला नाही. विचारले तेव्हा म्हणाला, “घरी काम असते, गुरुजी.” असेलही.

तेव्हा प्रश्न असा की, जे घडले नाही ते पाहावे कोणी? ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे मिळतात. तेथील सर्वोच्च वैयक्तिक मान म्हणजे ब्राउनलो पदक. ते १९२४ पासून दिले जाते आणि प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन गड्यांना ३, २ व १ अशी मते देऊन ते ठरवितात. पंच बिचारे चेंडूच्या मागे धावणारे. त्यांना चेंडूपाशी असलेलेच दिसावयाचे. त्यामुळे हे पदक बहुधा त्याच मधल्या फळीच्या कुशल गड्यांकडे जाते, ज्यांच्यामागे टॅगर लावलेले असतात. टोनी लिबरेटोरे याचे नाव अपवाद म्हणून कोणी सांगतील. अवघ्या १६३ सेंटिमीटर उंचीच्या या गड्याने १९९० साली हे पदक मिळविले खरे, आणि टॅगर म्हणूनही तो गाजला. परंतु पदक मिळाले ते त्याने स्वतः मिळविलेल्या चेंडूंवर.

आता दुसरे उत्तर पाहा. प्रत्येक क्लब वर्षाअखेर आपल्या उत्तम गड्यास स्वतःचे पदक देतो आणि ते त्याचे काम आतून जाणणारे लोक ठरवितात. पर्थजवळच्या फ्रीमँटल क्लबाचा रायन क्राउली हा निखळ टॅगर. विरुद्ध पक्षाच्या प्रेक्षकांचा त्याच्यावर राग असे. २०१२ साली त्याच्या क्लबाने आपले डॉइग पदक दिले ते यालाच. आणि पुढच्याच वर्षी तो क्लब आपल्या इतिहासात प्रथमच अंतिम सामन्यास पोहोचला, जरी तो सामना हॉथॉर्नने १५ गुणांनी जिंकला. पोर्ट ॲडलेडच्या केन कॉर्न्स याला तर त्याच्या क्लबाने हा मान चार वेळा दिला. हा केन २०१५ साली बरोबर ३०० सामने पुरे करून निवृत्त झाला आणि अग्निशामक दलात गेला. मला हे वाचून हसू आले आणि बरेही वाटले. ज्याने जन्मभर दुसऱ्याचा भडका विझविला, त्याने आणखी कोणता धंदा पत्करावा!

या धंद्याला काळी बाजू आहे आणि ती मी झाकणार नाही. ज्याच्याजवळ चेंडू नाही अशा माणसाला धरून ठेवणे हा नियमभंग आहे. त्याबद्दल विरुद्ध पक्षास मुक्त लाथ मिळते. परंतु पंचाची नजर चेंडूवर, आणि टॅगरचा हात चेंडूपासून वीस पावलांवर. अंगरखा धरणे, कोपर लावणे, पाय आडवा घालणे, कानाशी वाईट बोलणे हे सर्व प्रकार झालेले आहेत. पूर्वी मैदानात एकच पंच असे. १९७६ पासून दोन झाले, १९९४ पासून तीन आणि २०२३ पासून चार. यामागे खेळाचा वाढलेला वेग हे कारण आहेच. परंतु पाठीमागे चालणाऱ्या या उद्योगांवर डोळा ठेवण्यासही त्यांचा उपयोग होतो. माझे मत विचाराल तर जो धरतो व चिमटे काढतो, त्याला मी टॅगर म्हणणार नाही. जो पायांनी गाठू शकत नाही तोच हातांनी धरतो. वर्गात उत्तर न येणारा मुलगा शेजाऱ्याची पाटी पुसतो, त्यातलाच तो प्रकार. उलट, १९८२ च्या विश्वचषकात इटलीच्या क्लॉदिओ जेंतीले याने मॅराडोनाला कसे जखडून टाकले, याच्या गोष्टी आपल्याकडील फुटबॉलप्रेमी अजूनही कौतुकाने सांगतात. ते कौतुक मात्र मला कधी पटले नाही.

ज्याच्यामागे हा लागतो तोही काही स्वस्थ बसत नाही. सोबती मध्ये उभे राहून टॅगरची वाट अडवितात. चेंडू पाच मीटरांच्या आत असेल तर तसे करण्यास नियमाची हरकत नाही. कधी तो आपली जागाच सोडतो आणि थेट गोलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. आता टॅगरला तेथेही जावे लागते, आणि तेथे उंच उडून चेंडू झेलणाऱ्यांचे राज्य असते. मैदानाच्या मध्यात पटाईत असलेला हा पाठलागी तेथे पोरका होतो. फार थोर मनाचे गडी आणखी एक युक्ती करतात. ते टॅगरला घेऊन दूर कोपऱ्यात जातात आणि स्वतः चेंडूची आशा सोडतात. म्हणजे मध्यभागी त्यांच्या सोबत्यांना मोकळी जागा मिळते. त्या वेळी कोण कोणाला अडवीत आहे, हे सांगणे कठीण.

२०१० नंतरच्या काळात कित्येक प्रशिक्षकांचे मत असे झाले की, एका माणसामागे एक माणूस खर्च करण्यापेक्षा सर्वांनी मिळून जागा राखावी. टॅगर संपला, असे तेथील जाणते म्हणू लागले. तो संपला नाही. ग्रेटर वेस्टर्न सिडनीच्या मॅट डी बोअरने ही विद्या जागती ठेवली. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेस याने कॉलिंगवूडच्या निक डेकॉस या तरुण व अत्यंत गुणी गड्यास असे काही आवरले की त्याला सामनाभर चेंडूची विल्हेवाट पाचच वेळा लावता आली. त्या दिवशी डेकॉसच्या गुडघ्याला दुखापतही झाली होती, हे सांगितले पाहिजे. हॉथॉर्न जिंकले, परंतु त्या वर्षीचे अजिंक्यपद अखेर कॉलिंगवूडनेच नेले.

टॅगरला स्वतःचा खेळ असतो की नाही, ही शंका मला बरेच दिवस छळीत होती. वेस्टर्न बुलडॉग्जच्या लियम पिकेन याचा वृत्तान्त ऐकून ती फिटली. कॉलिंगवूडच्या एका नामांकित खेळाडूचा हा मुलगा प्रथमची कित्येक वर्षे इतरांच्या मागे धावण्यातच राबला. पुढे त्याच्या प्रशिक्षकाने त्याला मोकळा सोडला. २०१६ च्या अंतिम सामन्यात याने तीन गोल केले आणि त्याच्या क्लबाने १९५४ नंतर प्रथमच अजिंक्यपद मिळविले. डोक्याला झालेल्या आघातांमुळे २०१९ साली त्याला खेळ सोडावा लागला. म्हणजे मोकळे धावण्याचे दिवस त्याच्या वाट्याला थोडेच आले.

आणखी एकाची हकीकत सांगून मी आपली रजा घेतो. जिलाँग क्लबाचा तांबड्या केसांचा एक टॅगर होता. त्याचे आडनाव मराठी कानाला चमत्कारिक वाटेल, म्हणून त्याला मी कॅमेरन या पहिल्या नावानेच संबोधतो. २००७ व २००९ या दोन्ही वर्षांच्या विजयी संघांत तो होता, आणि २०११ साली तर तोच जिलाँगचा कर्णधार होता. त्या वर्षी १ ऑक्टोबरला मेलबर्नच्या मैदानावर अंतिम सामना झाला. विरुद्ध कॉलिंगवूड, आणि त्यांच्यात डेन स्वान, ज्याला त्याच आठवड्यात ब्राउनलो पदक मिळालेले. त्याला आवरण्याचे काम कर्णधाराने स्वतःकडेच ठेवले. तीन भाग संपले तेव्हा जिलाँग अवघ्या ७ गुणांनी पुढे होते. शेवटच्या भागात ते सुटले आणि ३८ गुणांनी जिंकले. खेळाची अखेरची मिनिटे उरली असताना चेंडू फिरत फिरत कॅमेरनकडे आला आणि त्याने तो मधल्या दोन खांबांमधून धाडला. जिलाँगचे सारे गडी आपापल्या जागा सोडून त्याच्याकडे धावत सुटले. त्यानंतर तो पुन्हा मैदानात उतरला नाही.

ते चित्र नातवाने मला घरी दाखविले. मी त्याला ते थांबवून पुन्हा दाखवावयास सांगितले. कारण त्या गर्दीत प्रथम कोण पोहोचतो, ते मला पाहावयाचे होते.